वेड, व्याधी आणि पुरावा

मराठी भाषेत 'वेड' या शब्दाचे भाग्य मोठे विचित्र आहे. पंढरीच्या वाटेवर निघालेल्या वारकऱ्याला विठ्ठलाचे वेड असते आणि त्याबद्दल आपण त्याला हात जोडतो. गाण्याचे वेड, नाटकाचे वेड, ग्रंथांचे वेड ही तर रसिकतेची लक्षणे. आमच्या घरच्या कोंकणीत 'पिसो' हा शब्द रागाने उच्चारला जाई, तसा लाडानेही उच्चारला जाई. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गावातले लोक वेडे म्हणत आणि भक्तमंडळी त्यांनाच ईश्वराचा अवतार मानीत. परंतु हाच शब्द एखाद्या तरुण सुनेच्या नावाला चिकटला, की त्यातला लाड आणि त्यातली भक्ती दोन्ही एका क्षणात नाहीशी होतात. मग न्यायालयाच्या निकालासारखा तो तिच्या माथी बसतो. फरक इतकाच, की या निकालापूर्वी कोणी साक्षीपुरावा घेतलेला नसतो आणि त्यावर अपीलही चालत नाही.

आम्ही व्यवसायाने वकील आहोत आणि वयाची पंचेचाळिशी नुकतीच ओलांडली आहे. घराणे मूळचे कोकणपट्टीतले. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त तापीकाठी बुऱ्हाणपुरास आले आणि इकडचेच झाले. या शहराच्या आसपास मराठी बोलणारी गावे पुष्कळ आहेत, त्यांपैकी फोपनार हे एक. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव ठाऊक असते, कारण १९६४ साली तेथे बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला. त्यांपैकी काही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आम्हाला मात्र फोपनार म्हटले की तेथील एका केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी आठवते. तिची हकीकत येथे सांगत आहोत ती तिच्या अनुमतीने. ओळख पटेल असे तपशील आम्ही गाळले किंवा बदलले आहेत, कारण अशिलाचे गुपित राखणे हा आमच्या व्यवसायाचा पहिला धर्म होय.

मुलीचे वडील आमच्या कचेरीत आले ते हातात एक नोटीस घेऊन. जावयाने वकिलामार्फत पाठविलेल्या त्या नोटिशीचा मथितार्थ असा, की मुलगी लग्नाच्या वेळीच वेडी होती. ही गोष्ट लपवून लग्न लावून देण्यात आले. सबब हा विवाह रद्दबातल ठरवून मिळावा. मुलगी त्या वेळी एका रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात होती. तिला माणसे ओळखू येत नव्हती. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, खटला लढवायचा की नाही ते तुम्ही सांगा. मला कायद्यातले काही कळत नाही. आमची पोर अशी नव्हती, एवढेच मला कळते."

बापाचे मन असे बोलणारच, हे कोणीही म्हणेल. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या या एका वाक्यात साऱ्या प्रकरणाचे मर्म होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील पाचवे व बारावे कलम एकत्र वाचले असता असे दिसते, की मानसिक विकाराच्या कारणावरून विवाह रद्द करावयाचा, तर तो विकार विवाहाच्या वेळी असला पाहिजे. पुढे केव्हातरी उद्भवलेले दुखणे त्यासाठी उपयोगी नाही. म्हणजे प्रश्न तारखांचा होता. आम्ही वडिलांना आणि आईला समोर बसवून एक कोरा कागद घेतला आणि तारखांची यादी करावयास लागलो.

लग्न वैशाखातले. मुलगी पदवीधर, वयाने बावीस. सासरी गेल्यावर ती शेजारची मुले शिकवी. दिवाळीत सासूने विहिणीला फोनवरून पाठविलेला निरोप होता, त्यात सुनेची तोंडभर स्तुती. मार्गशीर्षात पाच दिवस ताप आणि डोकेदुखी. ताप उतरला आणि झोप उडाली. पुढच्या आठवड्यात ती रात्र रात्र बोलू लागली. जेवणात कोणी काही कालविले आहे असा संशय घेऊ लागली. कारणावाचून हसू लागली, रडू लागली. मग बोलणे तुटत तुटत गेले आणि तिने मौन धरले. तोंड मात्र सारखे काही चघळत असल्यासारखे हलत राही. एक हात हवेत उचललेला, तो घटकाघटका तसाच. एका पहाटे झटका आला. या मधल्या काळात भगत झाला, अंगारे-धुपारे झाले, नंतर गावातले डॉक्टर झाले आणि शेवटी मानसोपचाराचे औषध सुरू झाले. त्या औषधाने ती शांत होण्याऐवजी लाकडासारखी ताठ झाली आणि पुन्हा ताप चढला. पहिल्या तापापासून येथवर सारे मिळून जेमतेम पाच आठवडे.

ही यादी आम्ही न्यायालयासाठी केली होती. आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांना ती दाखविली ती केवळ भाषा तपासून घ्यावी म्हणून. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "न्यायालय नंतर पाहा. आधी या मुलीला मेंदूविकाराच्या तज्ज्ञाकडे न्या, आणि उद्याच न्या." तिसऱ्या दिवशी मुलगी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पोचली. तेथे मेंदूचा विद्युत आलेख काढण्यात आला, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्यात आले, पोटाची सोनोग्राफी झाली. मेंदूचे चित्र जवळजवळ निर्दोष होते. पण पाठीच्या पाण्यात जे सापडावयाचे ते सापडले, आणि बीजांडकोशात सुपारीएवढी एक गाठ निघाली.

या व्याधीला डॉक्टर ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात. मराठीत स्वयंप्रतिकारजन्य मस्तिष्कदाह म्हणता येईल. नाव जड आहे, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले रक्त प्रतिपिंडे तयार करते. घराच्या राखणदाराने चोर समजून घरच्याच माणसावर काठी चालवावी, तशी कधी कधी ही प्रतिपिंडे आपल्याच पेशींवर उलटतात. मेंदूतल्या पेशी रासायनिक द्रव्यांच्या साह्याने एकमेकींना निरोप धाडतात, आणि ते निरोप झेलणारे ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांपैकी एन-एम-डी-ए नावाचे ग्राहक स्मरण आणि शिकणे यांसाठी फार महत्त्वाचे. या व्याधीच्या एका प्रकारात प्रतिपिंडे नेमकी याच ग्राहकांना चिकटतात आणि ते पृष्ठभागावरून आत ओढले जाऊन नाहीसे होऊ लागतात. पेशी जिवंत असते, पण तिला निरोप पोचत नाही. भूल देण्याचे केटामीन हे औषध याच ग्राहकांना अडविते आणि त्याच्या अमलाखाली शहाण्या माणसालाही भास होऊ शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलीला काय झाले असेल याची कल्पना येते.

गाठीचा संबंध आणखी विलक्षण आहे. टेराटोमा जातीच्या या गाठीत केस, दात, क्वचित मेंदूसारखे ऊतकही वाढते. अस्थानी उगवलेल्या त्या ऊतकाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि तीच पुढे खऱ्या मेंदूवर चालून जातात. प्रत्येक रुग्णात अशी गाठ असतेच असे नाही. काहींत नागिणीच्या जातीच्या विषाणूने होणाऱ्या मेंदूज्वरानंतर हा विकार उद्भवतो, तर कित्येकांत कारण हाती लागत नाही.

वैद्यकाला या विकाराची ओळख पटून फार काळ लोटलेला नाही. जोसेप डालमाऊ आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००७ साली त्याचे नेमके कारण प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी त्यांनी १०० रुग्णांचा वृत्तान्त दिला, त्यांत ९१ स्त्रिया होत्या. त्या शंभरांतले ७७ जण प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे गेले होते. २०१३ साली ५७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे मध्यक वय २१ होते, आणि ज्यांची दोन वर्षांपर्यंतची माहिती मिळाली त्यांच्यापैकी ८१ टक्के लोक चांगले बरे झाले होते. ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले त्यांची प्रकृती अधिक सुधारली, हेही त्याच अभ्यासात दिसले. ज्या वयात आपल्याकडे मुलींची लग्ने होतात, त्याच वयात ही व्याधी विशेषेकरून आढळते. यातला धोका वाचकांच्या ध्यानी आलाच असेल.

सुसाना कॅहॅलन या न्यूयॉर्कच्या तरुण वार्ताहर स्त्रीची कथा या संदर्भात जगभर गाजली. २००९ साली, चोविसाव्या वर्षी, ती आजारी पडली. एका डॉक्टरांनी तर दारू आणि जागरणे यांवर खापर फोडले. अखेर डॉक्टर सुहैल नज्जार यांनी तिच्यापुढे कागद ठेवून घड्याळाची तबकडी काढावयास सांगितले. तिने बाराही आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागातच दाटीने लिहिले. डाव्या बाजूचे जग तिच्या लेखी उरलेच नव्हते. मेंदूच्या उजव्या भागाला सूज आहे, हे त्यावरून ताडता आले. लाखो डॉलर खर्चून केलेल्या तपासण्यांना जे बोलता आले नाही, ते एका कागदाने सांगितले. आम्हा वकिलांना या गोष्टीचे कौतुक वाटणे साहजिक आहे. आमच्या धंद्यातही ढीगभर कागदांत जे सापडत नाही ते नेमक्या प्रश्नाने सापडते.

या ठिकाणी आमच्या आजीची आठवण होते. कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावण्याची रीत आहे. गुरव किंवा पुजारी देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते ते पाहतो. आजी म्हणे, "कौल देवाचा खरा, पण प्रश्न माणसाचा." 'हिला कोणाची बाधा झाली?' असे विचारले तर उत्तरात कोणाचे तरी नाव निघते. मग जाऊबाई, शेजारीण, गतवर्षी वारलेली विधवा आत्या अशी कोणीतरी निरपराध बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. 'हिला वैद्याकडे कधी न्यावे?' असा प्रश्न कोणी विचारीत नाही. देवळात जाऊन धीर मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. त्या मुलीच्या आईने आपल्या कुलदेवतेला नवस बोलून सहा महिने एक वेळ जेवून काढले, आणि त्या बळावरच ती रुग्णालयाच्या ओट्यावर दिवस कंठू शकली. आमची तक्रार देवाशी नाही. देवाच्या नावाने दवडलेल्या दिवसांशी आहे. या व्याधीत एकेक आठवडा मोलाचा असतो.

आणि दोष केवळ भगताच्या पदरी घालून सुशिक्षितांनी मोकळे होणेही न्यायाचे नाही. शास्त्रालासुद्धा नाव ठेवण्याची घाई होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील वेड्यांची इस्पितळे पक्षाघाती वेडाच्या रोग्यांनी भरलेली असत. ते वेड म्हणजे नीतिभ्रष्टतेचे किंवा कुळातल्या दोषाचे फळ, असे कित्येक विद्वान सांगत. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि हे रोगी त्या इस्पितळांतून दिसेनासे होत गेले. काल जे वेड होते ते आज व्याधी ठरते. तेव्हा आज आपण ज्याला वेड म्हणतो त्याबद्दलही थोडे सबुरीने बोलावे, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही.

याचा अर्थ प्रत्येक मानसिक दुखण्याच्या मुळाशी असली प्रतिपिंडे असतात असा मुळीच नव्हे. हा विकार विरळा आहे. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या असता घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही थांबून विचार करावा. पूर्वी धडधाकट असलेल्या माणसाचे वागणे काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत एकाएकी पालटणे; त्याआधी ताप किंवा डोकेदुखी; झटके; तोंडाच्या किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली; वाचा मंदावणे; शुद्ध हरपणे; मानसोपचाराच्या औषधाने शरीर ताठणे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ या दोघांनी मिळून रोगी पाहिला पाहिजे. आणि तारखांची यादी करून न्यावी. तिला पैसा पडत नाही.

मुलीच्या हकीकतीकडे वळू. शस्त्रक्रियेने गाठ काढली गेली. स्टिरॉइड, शिरेतून दिलेली इम्युनोग्लोब्युलिन आणि नंतर आणखी एक औषध, असे उपचार झाले. केळीच्या दोन हंगामांचा पैसा त्यात गेला. सातव्या आठवड्यात तिने आईला हाक मारली. चालणे, जेवणे, अक्षरे जुळविणे पुन्हा शिकावयास सुमारे वर्ष लागले. मार्गशीर्षापासूनच्या काही महिन्यांचे तिला काहीच आठवत नाही. ती म्हणते, "काका, तुमची ती यादी म्हणजेच माझ्या त्या दिवसांची आठवण."

रुग्णालयाचे कागद पाहून विरुद्ध पक्षाने नोटीस मागे घेतली. पुढे जावई स्वतः आला आणि तिला नांदावयास नेण्याची इच्छा त्याने बोलून दाखविली. तिने नकार दिला. तिचा त्याच्यावर राग नव्हता. "ते वाईट नाहीत," ती म्हणाली, "पण मी आजारी होते तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या आधी वकील गाठला." वकिलाच्या कचेरीत बसून हे वाक्य ऐकणे सोपे नव्हते. दीड वर्षाने परस्परसंमतीने विवाहविच्छेदाचा अर्ज तयार झाला. त्यात विरुद्ध पक्षाने आपण होऊन एक वाक्य घातले होते, ते असे, की अर्जदार पत्नी कधीही वेडी नव्हती, तिला झालेला आजार मेंदूचा होता. तिच्या वडिलांचे डोळे ते वाक्य वाचून भरून आले. दोन वर्षे गावात खाली घातलेली मान आता वर करता येणार होती.

मुलीने मात्र ते वाक्य काढावयास सांगितले. आम्हाला आश्चर्य वाटले. ती म्हणाली, "तिकडे माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिलाही असेच भास होत. तिच्या पाण्यात काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, हिचा आजार मनाचाच आहे, मानसोपचाराच्या औषधांनीच बरी होईल. मग तिच्या कागदावर काय लिहायचे? ती वेडी होती म्हणून?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर एकच होते, आणि ते कायद्याने आधीच दिलेले आहे. १९१२ चा ल्यूनसी ॲक्ट गेला, १९८७ चा कायदाही गेला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की मानसिक आजार ठरवावयाचा तो मान्य वैद्यकीय निकषांवरून, रीतिरिवाज किंवा समजुती यांच्याशी न जुळण्यावरून नव्हे. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण म्हणता येत नाही. शारीरिक आणि मानसिक आजारांत उपचाराच्या बाबतीत पंक्तिप्रपंच करता येत नाही. आणि रुग्णाला साखळीने बांधणे पूर्णपणे मना आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ साली साखळीने जखडलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हा हा निषेध केवळ कागदी नाही हे ध्यानी ठेवावे. विवाहाच्या कायद्यातूनही अपस्माराचे कारण १९९९ साली वगळण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली रामनारायण गुप्ता यांच्या प्रकरणात हेच सांगितले, की रोगाला वैद्यकाने दिलेले नाव घटस्फोटाला पुरेसे नाही. विकार कोणत्या स्वरूपाचा आणि किती तीव्र आहे ते सिद्ध झाले पाहिजे.

कायदा इतका पुढे आला. आपली जीभ अजून तेथे पोचलेली नाही. 'आमची मुलगी वेडी नव्हती' असे म्हणून आपण एका मुलीला सोडवितो आणि त्याच वाक्याने दुसरीला अडकवितो. पाठीच्या पाण्यात प्रतिपिंडे सापडली म्हणून एकीचे दुखणे खरे, आणि सापडली नाहीत म्हणून दुसरीचे खोटे किंवा लाजिरवाणे, असा भेद करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? दोघींनाही औषध हवे, दोघींनाही घर हवे, दोघींनाही नाव ठेवण्यापूर्वी नीट तपास हवा.

अर्जातले ते वाक्य आम्ही खोडले. त्या जागी 'उभय पक्षांचे एकमेकांविरुद्ध कोणतेही आरोप नाहीत' इतकेच लिहिले आणि अर्ज दाखल केला. मुलगी हल्ली फोपनारलाच असते आणि पुन्हा मुले शिकविते. ज्या मुलांना अक्षरे लवकर येत नाहीत त्यांच्याशी तिचे विशेष जमते, असे तिचे वडील सांगतात.